खुडूक कोंबडीची राखण

कोंबडी खुडूक झाली की घरातल्या माणसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, हिला अंड्यांवर बसवा. दुसरा म्हणतो, हिला पाण्यात बुचकळून काढा, म्हणजे अंगातली ऊब निवेल आणि ही पुन्हा अंडी घालू लागेल. कोंबडीवर प्रेम दोघांचेही असते; पहिल्याला पिले हवी असतात, दुसऱ्याला अंडी. कोंबडीने मात्र आपले म्हणणे केव्हाच सांगून टाकलेले असते. ती कोपऱ्यात पिसे फुलवून पसरलेली असते. हात जवळ नेला की घशातल्या घशात गुरगुरते, चोच मारते. उचलून बाहेर ठेवली तर चार दाणे टिपते आणि ‘कुडुक कुडुक’ करीत पुन्हा त्याच जागी येऊन बसते. खाली अंडी असोत वा नसोत, तिला त्याचे काही नसते. नारळाच्या करवंटीवर तीन दिवस नेटाने बसलेली कोंबडी मी पाहिली आहे.

अशा कोंबडीचे एकवीस दिवस कसे राखावेत हे या लेखात सांगायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या निम्म्या मुलामुलींच्या घरी परड्यात कोंबड्या आहेत. प्राणिशास्त्राच्या तासाला ‘कोंबडीच्या गर्भाची वाढ’ फळ्यावर काढून घेणाऱ्या मुलांना तीच वाढ घरच्या बुट्टीत चालू असते याचा पत्ता नसतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

मराठीत आपण अंडी ‘उबवतो’. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र ‘कावु’ म्हणतात. त्यातही ऊब आहेच. गुजरातीत मात्र अंडी ‘सेवतात’. म्हणजे कोंबडी अंड्यांची सेवा करते. हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा मला गंमत वाटली. नंतर वाटले की तिघांत तोच जास्त अचूक आहे. कारण नुसती ऊब द्यायची तर ती निखाऱ्यालाही देता येते. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून अंडी उबवण्याची कला हजारो वर्षांची आहे आणि तिच्याविषयी रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली पुस्तकच लिहिले. परंतु त्या भट्टीपाशीही रात्रंदिवस माणूस लागे, अंडी फिरवायला आणि विस्तव कमीजास्त करायला. कोंबडी हे सगळे एकटीच करते.

तो ‘सेवणे’ शब्द मी ऐकला बडोद्याच्या प्रतापनगरात. माझी अक्का तिथे दिली आहे. प्रतापनगर म्हणजे शहराचा दक्षिणेकडचा, रेल्वेचा भाग. बडोदे विभागाचे रेल्वे कार्यालय तिथेच आहे. १८६२ साली डभोई ते मियागाम ही देशातली पहिली अरुंद रुळांची गाडी गायकवाडांच्या राज्यात सुरू झाली आणि सुरुवातीला ती चक्क बैल ओढीत. पुढे डभोई हे या छोट्या गाड्यांचे मोठे ठाणे झाले आणि प्रतापनगर त्याला जोडले गेले. आता तिथून रुंद रुळांवरून छोटा उदेपूरकडे आणि २०२१ पासून एकतानगरकडे गाड्या जातात. गायकवाडांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्पिढ्या आहेत. अक्काचे सासर त्यांपैकीच एक. घर बैठे, जुने, आणि मागे चांगले पंधरा-वीस पावलांचे परसू. या परसात तिच्या सासूबाईंनी, म्हणजे साऱ्या आळीच्या आजींनी, आयुष्यभर कोंबड्या पाळल्या.

मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा परसू जवळजवळ रिकामे होते. फेब्रुवारीत मानमोडी येऊन गेली होती. एकोणीस पाखरांपैकी एक तांबूस गावठी कोंबडी उरली होती. कोंबडाही गेला होता. आणि ती एकटी उरलेली कोंबडी चैत्र संपता संपता जळाऊ लाकडांच्या ढिगामागे खुडूक बसली. आजींच्या हातखर्चाला अंड्यांचेच पैसे होत. मुलगा कमावता असला तरी त्याच्याकडे मागायचे नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळे त्या कोंबडीच्या बसण्याकडे घरातल्या लहानथोरांचे लक्ष होते.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. कोंबडी खुडूक होते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून पाझरणाऱ्या प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे. ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली दाखवून दिले की हे द्रव्य टोचले तर अंडी घालणारी कोंबडी खुडूक होते. सस्तन प्राण्यांत हेच द्रव्य आईच्या अंगावर दूध आणते. म्हणजे नाते जवळचेच. प्रोलॅक्टिन वाढले की अंडी घालणे थांबते, भूक मंदावते, छातीपोटाची पिसे झडून उघडी कातडी दिसू लागते आणि त्या कातडीत रक्ताचा पुरवठा वाढतो. ही उघडी, ऊन कातडी अंड्याला थेट टेकते. आणि अंड्याचा स्पर्श कातडीला होत राहिला की प्रोलॅक्टिन वाढते राहते. चक्र असे आहे. कोंबडी अंड्यांना ऊब देते, आणि अंडी कोंबडीला बसवून ठेवतात.

यावरून दुसऱ्या तटाच्या उपायांची परीक्षा होते. जागा बदलून, खालून वारा लागेल अशा तारेच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवले तर खुडूकपणा उतरतो, कारण कातडीला ऊब आणि स्पर्श दोन्ही मिळत नाहीत. पाण्यात बुचकळणे, नाकपुडीतून पीस आरपार घालणे हे मात्र निव्वळ छळ आहेत.

मग व्यापारी कोंबड्या खुडूक का होत नाहीत? कारण खुडूक होणाऱ्या कोंबड्या शे-दीडशे वर्षे निवडून निवडून वगळल्या गेल्या. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. आपली गावठी साठ-ऐंशी घालते आणि मध्येच महिनाभर बसते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ‘गिरिराज’ आपल्या भागात पुष्कळांनी पाळली असेल. तिची पिले दरवेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. कडकनाथचे नाव मोठे, पण बसण्यात ती कच्ची, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. असील मात्र झुंजीइतकीच मातृत्वालाही पक्की. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे: न बसणाऱ्या दोन निरनिराळ्या जातींचा संकर केला तर संततीत बसण्याची वृत्ती पुन्हा उफाळून येते. म्हणजे ती वृत्ती मेलेली नव्हती, झाकली गेली होती. तरीही रोजच्या व्यवहारात हिशोब असा आहे, की ज्याच्या परसात बसणारी कोंबडी आहे त्याचा कळप त्याच्याच हातात आहे. ज्याच्याकडे नाही त्याला पिलांसाठी गाडीची वाट पाहावी लागते. भरूच-नर्मदेकडची अंकलेश्वर, नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातेतली बुसरा या देशी जाती टिकल्या त्या अशा परसांतल्या कोंबड्यांच्या पोटाखालीच.

आता राखणीकडे येऊ. पहिला प्रश्न जागेचा. कोंबडी जागा निवडते ती आडोसा पाहून. आणि आडोसा मुंगसालाही तितकाच आवडतो. लाकडांच्या ढिगामागची जागा आजींना पसंत नव्हती. पण बसलेली कोंबडी भरदिवसा हलवली तर ती नव्या जागी न बसता जुन्या जागेकडे धाव घेते. म्हणून हे काम अंधार पडल्यावर करायचे. आजींनी दोन दिवस आधी पडवीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, एक रुंद टोपली मांडली. तळाशी चार बोटे माती, तिला मध्ये बशीसारखा खोलगट आकार, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर भाताचा पेंढा. मातीमुळे ओल थोडी टिकते आणि अंडी कडेला न जाता मध्यभागी राहतात. रात्री नऊ वाजता दिवा न लावता कोंबडी दोन्ही हातांनी पंखांसकट उचलली, टोपलीत ठेवली, वर डालगे पालथे घातले आणि त्यावर गोणपाट टाकले. टोपलीत दोन खोटी अंडी होती, चुन्याची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसून राहिली. खोट्या अंड्यांवर एक दिवस बसली म्हणजे खऱ्यांवर बसेल, हा आजींचा कायदा. आणि खरी अंडी वाया न घालवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

खरी अंडी आणायची कुठून? घरात कोंबडा नसला तर कोंबडी अंडी घालते, पण ती फलित नसतात. कोंबडा गेल्यावरही नराचे शुक्रबीज कोंबडीच्या शरीरात दहा-बारा दिवस टिकते, एवढीच सवलत. इथे तर कोंबडा जाऊन दोन महिने झाले होते. भाऊजींच्या एका सहकाऱ्याचे गाव डभोईच्या बाजूला आहे. तिथून अकरा अंडी आली, गव्हाच्या कोंड्यात बसवून, डब्यातून, गाडीने. गाडीत हिसके बसतात, आत बलक ढवळतो, म्हणून अंडी आल्या आल्या बसवली नाहीत. टोकदार बाजू खाली करून एक रात्र स्वस्थ ठेवली. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घातलेल्या अंड्यातला गर्भ थंडाव्यात निजून असतो. साधारण एकवीस-बावीस अंशांच्या वर गेले की तो हळूहळू जागा होतो. बडोद्याच्या वैशाखात घरातल्या फळीवर ठेवलेले अंडे म्हणजे अर्धवट जागे झालेले अंडे, आणि असा गर्भ पुढे अशक्त होऊन मरतो. उपाय सोपा आहे: मातीच्या मडक्यात ओली वाळू, तिच्यावर फडके, फडक्यावर अंडी. तरीही पाच-सहा दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. आणि अंडी धुऊ नयेत. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. तो गेला की हजारो बारीक छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. मळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसावा.

अकराच का? गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात. जास्त ठेवली तर एक कोणते तरी नेहमी कडेला राहते, आणि कोंबडी अंडी सतत आतबाहेर करीत असल्यामुळे आळीपाळीने सगळीच गारठतात. लोभाने पंधरा ठेवावीत आणि सहा पिले निघावीत, असे होते.

अंड्यांवर बसल्यावर कोंबडी काय करते हे मी त्या तीन आठवड्यांत वहीत टिपून ठेवले. दिवसातून एकदा, बहुधा सकाळी साडेसातच्या सुमारास, ती उठे. प्रथम एक मोठी, भयंकर दुर्गंधीची विष्ठा. दिवसभर रोखून धरलेली, कारण घरट्यात घाण करायची नाही. मग पाणी, थोडे दाणे, राखेत लोळण, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. इतर वेळी ती निपचित बसलेली दिसे, पण कान दिला तर मधूनमधून अंड्यांचा टकटक आवाज येई. चोचीने अंडी ओढून फिरवण्याचा तो आवाज. पहिल्या आठवड्यात हे फिरवणे विशेष महत्त्वाचे असते. नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. तीन आठवड्यांत ती बरीच हडकली. १९८० साली रानकोंबड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दाणे घरट्याशेजारी ठेवूनही बसलेल्या माद्यांनी ते पोटभर खाल्ले नाहीत. वजनात दहा ते वीस टक्के घट झाली. म्हणजे हा उपास सक्तीचा नाही, शरीरानेच भूक खाली आणलेली असते. म्हणून बळेबळे खायला घालू नये. दाणे आणि पाणी जवळ, पण घरट्याला लागून नव्हे, असे असावे. घरट्याजवळ सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे घूस येते, आणि त्यांच्यामागे साप.

या सगळ्यात कोंबडी कधी उठत नसेल तर मात्र दिवसातून एकदा तिला हलकेच उचलून बाहेर ठेवावे. काही कोंबड्या इतक्या नेटाच्या असतात की घरट्यातच मरतात. उचलताना पंखांखाली हात घालून पाहावे. अंडे पंखात अडकून वर येते आणि पडून फुटते.

बडोद्यातला खरा शत्रू पहिल्या पंधरवड्यात ऊन होता. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. अंड्याला लागते साधारण साडेसदतीस अंश. कोंबडीचे अंग असते एकेचाळीसच्या आसपास आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे एवढाच तिचा पंखा. भोवतालची हवाच बेचाळीसवर गेली तर ऊब देणारीने अंडी निववायची असतात. अंड्याच्या आतले उष्णतामान चाळीसच्या पुढे तासन्‌तास राहिले तर गर्भ मरतो. जिन्याखालची जागा पश्चिमेच्या उन्हापासून आड होती हे बरे झाले. दुपारी बारा ते पाच टोपलीपासून हातभर अंतरावर ओले गोणपाट टांगायचे, भुईवर पाण्याचा हबका मारायचा, आणि मातीच्या परळात पाणी दोनदा बदलायचे, हे काम अक्काच्या धाकट्या मुलाने घेतले. टोपलीत पाणी शिंपडायचे नाही. ओलसर हवा अंड्याला मानवते, ओला पेंढा मानवत नाही. अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत असते आणि अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन बारा टक्क्यांच्या आसपास उतरावेच लागते. तेव्हाच रुंद बाजूला हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिलाला पहिला श्वास घेता येतो.

दुसरा शत्रू चार पायांचा. चौथ्या रात्री डालग्याखालून माती उकरल्याच्या खुणा दिसल्या. घूस. त्याच आठवड्यात आळीत मुंगूस दोनदा दिसले. नुसते डालगे कुत्र्यामांजराला पुरते. घुशीला आणि मुंगसाला पुरत नाही. बाजारात कोंबड्यांसाठी म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते तिला मुंगूस दाद देत नाही. अर्ध्या इंचाची, सांध्यांना जोड दिलेली जाड तारेची जाळी हवी. भाऊजींनी तीन बाजूंना व वर ती लावली, आणि मुख्य म्हणजे खाली बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर विटा मांडल्या. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतो. तिथे जाळी लागली की मागे सरून उकरण्याची अक्कल त्याला सहसा सुचत नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी मुंगूस मारण्यासाठी सापळा देऊ केला. तो घेतला नाही. मुंगूस, घोरपड, धामण, नाग या साऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि मुंगूस गेले तर परसात घुशी दुप्पट होतील हे आजींना कायद्याशिवायच ठाऊक होते.

याच दिवसांत विश्वामित्रीच्या काठावर मगरीही आपली अंडी राखीत असतात, हे ऐकून आपल्याकडच्यांना आश्चर्य वाटेल. बडोद्याच्या भर वस्तीतून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात आणि पुराच्या पाण्याबरोबर रस्त्यांवरही येतात. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठच्या मातीत अंडी पुरते आणि पावसाच्या तोंडावर पिले निघेपर्यंत जवळपास राहते. प्राण्यांच्या वंशवृक्षात आज हयात असलेला पक्ष्यांचा सर्वांत जवळचा नातलग मगरच. फरक इतका की मगर उबेचे काम मातीवर आणि उन्हावर सोपवते. कोंबडीने ते स्वतःच्या अंगावर घेतले.

सातव्या रात्री अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. पुठ्ठ्याला भोक पाडून मागे विजेरी धरली की पुरते. जिवंत अंड्यात कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. आजींच्या तीनही नातवंडांनी तो ठिपका पाहिला आणि त्यांच्यातला थोरला, जो अकरावी शास्त्र शाखेत आहे, तो बराच वेळ काही बोलला नाही. दोन अंडी निखळ स्वच्छ निघाली, म्हणजे फलितच नव्हती. चौदाव्या दिवशी आणखी एक नासलेले सापडले. असे अंडे वेळीच काढावे. आत वायू साठून ते फुटते आणि बाकीच्यांचा सत्यानाश करते. उरली आठ.

मध्यंतरी एकदा वळवाचा पाऊस मेघगर्जनेसह आला. आजींनी टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवला, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. गडगडाटाने अंडी नासत नाहीत. ती नासतात उकाड्याने आणि ओलीने, आणि वळीव दोन्ही घेऊन येतो. म्हणून दोष विजेवर जातो. परसापासून रूळ फार दूर नाहीत, दिवसरात्र गाड्या जातात, भुई थरथरते. त्यानेही काही बिघडले नाही. खिळा मी काढायला लावला नाही. अंड्यांना त्याचा उपद्रव नव्हता आणि आजींना आधार होता.

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावायचा नाही. या वेळी पिलू आत वळून हवेच्या पोकळीकडे तोंड करते. विसाव्या दिवशी अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि कोंबडी हळू घोगऱ्या आवाजात उत्तर देऊ लागली. चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्याने पिलू कवचाला पहिली चीर पाडते; तिथून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. पाहणाऱ्याचा धीर इथे सुटतो आणि तो कवच सोलायला जातो. सोलू नये. अजून आतल्या पडद्यातून रक्त फिरत असते आणि पिवळा बलक पोटात ओढून घेण्याचे काम चालू असते. त्या बलकावर पिलू दोन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते, आणि म्हणूनच पहिले निघालेले पिलू शेवटच्याची वाट पाहत आईखाली बसून राहते. या वेळचा वैरी मुंगी. ओल्या, अर्धवट निघालेल्या पिलावर लाल मुंग्या तुटून पडतात. टोपली विटांवर चढवून विटा पाणी भरलेल्या ताटांत ठेवल्या होत्या.

सात पिले निघाली. एक अंड्यातच मेले.

बहुतेक लोक राखण इथे संपली असे समजतात, आणि बहुतेक पिले यानंतरच जातात. आधी कावळा आणि घार. पहिले तीन आठवडे आई-पिलांना वरून झाकलेल्या जागेतच ठेवावे. एका दुपारी दार पाच मिनिटे उघडे राहिले तेवढ्यात घारीने एक पिलू नेले. मग पावसाळ्यातली रक्ती हगवण. तिला कोरडी भुई हाच उतारा. आणि सर्वांत मोठी ती मानमोडी, जिने आजींचे परसू ओस पाडले होते. या रोगाला आपल्याकडे ‘राणीखेत’ म्हणतात, कारण कुमाऊंतल्या राणीखेतला तो १९२७-२८ च्या सुमारास ओळखला गेला. त्याच्या थोडे आधी इंग्लंडमधील न्यूकॅसलला सापडल्यामुळे जगात तो त्या नावाने ओळखला जातो. त्यावर औषध नाही, लस आहे, आणि स्वस्त आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात वा नाकात एक थेंब ‘लासोटा’ किंवा ‘एफ’ लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ‘आर-टू-बी’चे इंजेक्शन.

मग आजींसारख्या जाणत्या बाईच्या कोंबड्या तरी का मेल्या? त्याचे उत्तर लसीच्या बाटलीत आहे. बाटली शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. हजार पाखरांच्या शेडला हे सोयीचे आहे. सहा पिलांसाठी शंभर मात्रांची बाटली फोडायला दुकानदारही कुरकुरतो आणि घेणारालाही जिवावर येते. म्हणून परसातल्या कोंबड्या वर्षानुवर्षे लसीवाचून राहतात आणि एका फेब्रुवारीत सगळ्या जातात. ज्या कोंबडीने आपले मांस झिजवून पिले काढली, तिची सगळी मेहनत या एका बाटलीच्या आकारापाशी अडते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आणि शेजारच्या उच्छल भागात बर्ड फ्लू आला, तेव्हा शेडबरोबर घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. मानमोडीने गेलेल्या परसांची बातमी होत नाही.

अक्काने यावर तोड काढली. आळीत आणि रुळांपलीकडच्या वस्तीत कोणाकडे कोंबड्या आहेत याची तिने दोन संध्याकाळी फिरून यादी केली. नऊ घरे निघाली, पाखरे सगळी मिळून त्र्याहत्तर. सातव्या दिवशी रविवार होता. भाऊजी सकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून लस घेऊन आले, खर्च नऊ घरांत वाटून एका वडापावाच्या किमतीहूनही कमी आला, आणि आठ ते साडेनऊ या वेळात पडवीत पाटीतून, पिशवीतून, एक तर शाळेच्या दप्तरातून आणलेल्या पाखरांच्या डोळ्यांत थेंब पडले. मोठ्यांनाही हीच लस चालते. पाखरू धरायचे, मान किंचित वळवायची, थेंब डोळ्यात पसरून त्याने पापणी मिटली की सोडायचे. थोरल्या नातवाने दहाव्या पाखरापासून हे काम स्वतःकडे घेतले. आजींच्या सहा पिलांचा नंबर शेवटी लागला, कारण कोंबडी कोणाला हात लावू देईना. अखेर ती आजींच्या मांडीवर बसली आणि पिले एकेक करून तिच्या पंखाखालून काढून पुन्हा पंखाखाली ठेवली. आठव्या आठवड्याची तारीख आजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेन्सिलीने खूण करून ठेवली, आणि नऊ घरांना निरोप द्यायचे काम नातवाकडे दिले.